पाखरांचा आक्षेप

आर्यभटाने ‘आर्यभटीय’ लिहिलं ते इ. स. ४९९च्या सुमारास, वयाच्या २३व्या वर्षी. तारे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दिसतात ते पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून, असं त्याने त्यात सांगितलं आणि दाखला दिला नावेचा: नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात. हे म्हणणं पुढच्या ज्योतिष्यांना पटलं नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने विचारलं की पृथ्वी फिरत असेल तर आकाशात उडालेले ससाणे परत आपल्या घरट्याशी कसे पोचतात? झेंडे सतत पश्चिमेकडेच का फडफडत नाहीत? ब्रह्मगुप्ताने ६२८ साली आणखी एक शंका काढली: उंच वस्तू कोसळून का पडत नाहीत? आठव्या शतकात लल्लाने तीच तक्रार बाण आणि ढगांच्या रूपात मांडली. सरळ वर सोडलेला बाण पश्चिमेला पडायला हवा, ढगांनी पश्चिमेकडेच धावायला हवं; तसं तर काही दिसत नाही. आर्यभटाच्या टीकाकारांनाही ही गोष्ट इतकी अडचणीची वाटली, की त्यांतल्या अनेकांनी त्याच्या श्लोकांचा अर्थच वळवून घेतला आणि पृथ्वीला पुन्हा जागच्या जागी बसवलं. गंमत म्हणजे ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथावर टीका लिहिणारा पृथूदकस्वामी मात्र आर्यभटाच्या बाजूने उभा राहिला. भारतीय ज्योतिषाचा हा सगळा वारसा मराठी वाचकापुढे पहिल्यांदा नीट मांडला तो शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी, १८९६च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात.

हा वाद आज वाचताना वराहमिहिराला हसण्याचा मोह होतो, कारण उत्तर आपल्याला शाळेतच मिळालेलं असतं. पण शाळेचं पुस्तक बाजूला ठेवून पाखरांच्या आक्षेपाला उत्तर देऊन पाहा. पुण्याच्या अक्षांशावर जमीन ताशी दीड हजार किलोमीटरहून अधिक वेगाने पूर्वेकडे जाते आहे. झाडावरून पारवा उडाला, घटकाभर हवेत राहिला, तर झाड तोवर शेकडो किलोमीटर पुढे जायला हवं. वराहमिहिराचं निरीक्षण चुकलेलं नव्हतं; पाखरं खरोखरच घरट्याशी परत येतात. त्याचं तर्कशास्त्रही ढिलं नव्हतं. चूक त्याने उच्चारलेल्या वाक्यांमध्ये नव्हतीच, ती न उच्चारलेल्या एका वाक्यात होती. जमिनीपासून सुटलेली वस्तू जमिनीची गतीही सोडून देते, हे ते वाक्य. कुणीही ते मांडलं नाही, कारण आपण असं काही मानतो आहोत याचीच कुणाला जाणीव नव्हती. जे मानलं आहे हेच ठाऊक नाही, ते तपासणार कसं? हे वाक्य उजेडात आणून मोडून काढायला पुढे हजारावर वर्षं लागली. १६३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संवादग्रंथात गॅलिलिओने वाचकाला एका मोठ्या जहाजाच्या बंद खोलीत नेलं. तिथे फुलपाखरं उडताहेत, भांड्यात मासे पोहताहेत, वर टांगलेल्या बाटलीतून पाण्याचे थेंब खालच्या भांड्यात पडताहेत. जहाज संथपणे चालू लागलं तरी यांपैकी कशातही तसूभर फरक पडत नाही, कारण खोलीतल्या प्रत्येक गोष्टीत जहाजाची गती आधीच मुरलेली असते. दुर्बिणीतून दिसलेले गुरूचे उपग्रह आणि शुक्राच्या कला यांचा या युक्तिवादाशी काही संबंध नाही. पाखरांचा प्रश्न दुर्बिणीने सुटणारा नव्हताच. पृथ्वीचं फिरणं लोकांनी डोळ्यांनी पाहिलं ते त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, १८५१ साली, पॅरिसच्या पँथिऑनमध्ये फूकोने लांबलचक तारेला लंबक टांगला तेव्हा. तोवर विचारी माणसांनी आक्षेप बाजूला सारला होता तो मुख्यतः ‘गती’ म्हणजे काय हे नव्याने समजून घेऊन.

व्यवहारातल्या ज्ञानाला मर्यादा असतात असं म्हटलं की आपल्यासमोर पाण्यात वाकडी दिसणारी काठी, मृगजळ, दोरीचा साप अशी उदाहरणं येतात. वेदान्ताच्या पुस्तकांनी ती इतकी घासली आहेत की त्यांतून काही कळेनासं झालं आहे. शिवाय ती दिशाभूल करतात. इंद्रियं फसवतात, म्हणून ज्ञान तोकडं, असा समज त्यांतून होतो. पाखरांच्या आक्षेपात इंद्रियांनी कुणालाही फसवलं नव्हतं. व्यवहारज्ञान तोकडं पडतं ते वेगळ्याच कारणाने. त्याची कसोटी एकच असते: काम होतं ना? कोकणातला मच्छीमार भरती-ओहोटीच्या वेळा तिथीवरून बिनचूक सांगतो, विदर्भातला शेतकरी मातीच्या रंगावरून कापूस कसा येईल ते ओळखतो. या ज्ञानाला कमी लेखणारा तत्त्वज्ञ स्वतःच्या ताटात काय येतं हे विसरलेला असतो. तरी काम होणं हा खरेपणाचा दाखला नव्हे. स्थिर पृथ्वी धरून ब्रह्मगुप्ताने ग्रहणाची गणितं मांडली आणि त्यांचा पडताळा येत राहिला. तारामंडळ फिरतं म्हणा किंवा पृथ्वी फिरते म्हणा, उदयास्ताचं गणित तेच येतं. पंचांग बरोबर निघालं म्हणून पंचांगामागचं विश्वाचं चित्र बरोबर ठरत नाही. यशस्वी ज्ञानाला आपली गृहीतकं तपासण्याची गरजच भासत नाही, आणि म्हणून जिथे सगळं सुरळीत चाललं आहे तिथेच गफलत सर्वांत जास्त काळ दडून राहते. तत्त्वज्ञानाचं काम इथे सुरू होतं असं मला वाटतं. नवी माहिती आणणं हे त्याचं काम नाही. असलेल्या माहितीखाली कोणती न बोललेली वाक्यं अंथरली आहेत ते वर काढणं, आणि त्यांना ‘तुम्ही इथे कशाच्या आधारावर?’ असं विचारणं, हे त्याचं काम.

यावर लगेच येणारा आक्षेप असा की हे तर विज्ञान झालं, तत्त्वज्ञानाला त्याचं श्रेय कशाला? आक्षेपात तथ्य आहे. नुसत्या चिंतनाने भागलं असतं तर ॲरिस्टॉटलच्या नंतर कुणाला काही करावं लागलं नसतं, आणि फूकोचा लंबक नसता तर गॅलिलिओचा युक्तिवाद शक्यतेपुरताच राहिला असता. जहाजातल्या खोलीने ‘पृथ्वी फिरते’ हे सिद्ध होत नाही. ‘फिरत असती तर कळलं असतं’ एवढंच खोटं ठरतं. पण ही सीमारेषा आपण आज आखली आहे. १६१० मध्ये टस्कनीच्या दरबारात रुजू होताना गॅलिलिओने केवळ गणिती या पदवीवर समाधान मानलं नाही, तत्त्वज्ञ ही उपाधीही मागून घेतली. आणि ही गोष्ट सतराव्या शतकात संपलेली नाही. १९०५ साली आइन्स्टाइनने सापेक्षतेचा पहिला निबंध लिहिला तेव्हा त्याच्याजवळ इतरांपेक्षा वेगळी अशी मोजमापं नव्हती. त्याने विचारलं ते हे, की दूरच्या दोन ठिकाणी दोन घटना ‘एकाच वेळी’ घडल्या असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो. इतकं साधं, रोजचं, कुणी कधी ज्याकडे वळून पाहिलं नव्हतं असं ते गृहीत. त्याला हात घालण्याचं बळ ह्यूम आणि माख या तत्त्वचिंतकांच्या वाचनातून मिळालं असं त्याने पुढे आत्मवृत्तपर टिपणात नोंदवून ठेवलं आहे. प्रयोगशाळा मोजून देते; काय मोजायचं आणि मोजलेल्याचा अर्थ काय, हा प्रश्न प्रयोगशाळेच्या भिंतीआत सुटत नाही. तो सोडवणाऱ्याने दारावर कोणती पाटी लावली आहे याला महत्त्व नाही.

ग्रहताऱ्यांपेक्षा माणसांच्या बाबतीत हे गृहीतांचं राज्य जास्त घट्ट असतं, कारण तिथे गृहीतावर कुणाची तरी सोय उभी असते. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात स्त्रिया चंचल, कपटी, अविचारी असतात हे ‘सर्वांना माहीत’ होतं. त्यासाठी पुराणांचे आधार होते, म्हणी होत्या, आणि रोजच्या अनुभवातली उदाहरणंही हवी तेवढी सापडत होती. १८८१ साली सुरतेच्या एका विधवेवर मूल मारल्याचा खटला चालला आणि वर्तमानपत्रांत स्त्रीजातीच्या नावाने गदारोळ उठला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्याला उत्तर म्हणून ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिलं. ते १८८२ मध्ये छापलं गेलं. त्याचा संताप सगळ्यांना आठवतो. त्यातली युक्तिवादाची शिस्त मात्र फारशी कुणी वाखाणत नाही. ताराबाई उदाहरणं नाकारत बसत नाहीत. स्त्रियांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण त्या उचलतात आणि विचारतात की हा पुरुषांत नाही काय? नवरा मेला की बायकोने विद्रूप होऊन कोपऱ्यात बसायचं, तर बायको मेल्यावर पुरुषाने दाढीमिशा काढून रानात का जाऊ नये? म्हणजे त्यांचा हल्ला निरीक्षणावर नाही, मोजपट्टीवर आहे: एकाच वागण्याला बाईच्या बाबतीत स्वभाव म्हणायचं आणि पुरुषाच्या बाबतीत अपवाद म्हणायचं, हे ठरवलं कुणी? याला समाजसुधारणा म्हणा, तत्त्वज्ञान म्हणू नका, असं कुणी म्हणेल. माझ्या मते गॅलिलिओने आणि ताराबाईंनी केलेली क्रिया एकाच जातीची आहे. दोघांनी समोरच्याचे पुरावे तसेच राहू दिले आणि त्या पुराव्यांना निष्कर्षापर्यंत पोचवणारा लपलेला पूल दाखवून दिला. त्यासाठी विद्यापीठाची पदवी लागत नाही, हे ताराबाईंच्या उदाहरणाने आपोआप सिद्ध होतं.

इथवर आपण चुकीच्या समजुतींबद्दल बोललो. पण समजूत बरोबर असली म्हणजे तरी तिला ज्ञान म्हणता येतं का? आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध आचार्याने एक प्रसंग कल्पिला आहे. मांस भाजायला कुणी तरी विस्तव पेटवला आहे. धूर अजून निघालेला नाही, पण वासाने किड्यांचा थवा वर घोंघावतो आहे. दूरवरच्या माणसाला तो काळा थवा धूर वाटतो आणि तो म्हणतो, तिथे आग आहे. आग आहेच! मग त्याला ते कळलं म्हणायचं का? बाराव्या शतकात ‘खण्डनखण्डखाद्य’ या ग्रंथात श्रीहर्षाने याहून सुटसुटीत उदाहरण दिलं. मिटलेल्या मुठीत किती कवड्या आहेत असं विचारल्यावर एकाने अंदाजाने पाच म्हटलं, आणि निघाल्या पाचच. उत्तर सत्य आहे, सांगणाऱ्याचा त्यावर विश्वासही असू शकेल, तरी त्याला ते माहीत होतं असं आपण म्हणत नाही. एडमंड गेटिअर या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९६३ साली अवघ्या तीन पानांचा निबंध लिहून याच घराण्यातली उदाहरणं पाश्चात्त्य तत्त्वज्ञानापुढे ठेवली आणि आधार असलेला खरा विश्वास म्हणजे ज्ञान ही रूढ व्याख्या खिळखिळी केली. त्यावर अजून लिहिलं जातं आहे. हा निव्वळ पंडिती खेळ वाटत असेल तर शेअर बाजारात एकदा नफा मिळवून देणाऱ्या ‘टिप’चा, किंवा मुलगा होईल असं सांगून पन्नास टक्के वेळा बरोबर ठरणाऱ्या ज्योतिषाचा विचार करावा. भाकीत खरं झालं यावर आपण इतके भाळतो, की ते कोणत्या वाटेने खरं झालं हे विचारायचं राहूनच जातं. पुढच्या खेपेला त्याच माणसावर विसंबावं की नाही, हे मात्र त्या वाटेवरच अवलंबून असतं.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. प्रत्येक गृहीत उकरून काढायचं म्हटलं तर थांबायचं कुठे? धूर दिसला की आग असते हे आपण गृहीत धरतो, पण आजवर पाहिलेल्या चुली आणि वणवे म्हणजे सगळे धूर नव्हेत. न पाहिलेल्या धुराबद्दल खात्री कशी द्यायची, असं म्हणून चार्वाकांनी अनुमानाचाच पाया काढून घेतला होता. ह्यूमने १७३९मध्ये युरोपात जवळपास हेच केलं. याला न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस दिलेलं उत्तर आजही ताजं वाटतं. त्याचा मथितार्थ असा, की शंकेला मर्यादा असते आणि ती मर्यादा म्हणजे शंका घेणाऱ्याचं स्वतःचं वागणं. धूर हवा असला की तू विस्तव पेटवतोस, भूक लागली की जेवतोस. तोंडाने मात्र म्हणतोस की या दोहोंचा संबंध संशयास्पद आहे. असा संशय नुसता उच्चारलेला असतो, बाळगलेला नसतो. दीडशेएक वर्षांनी श्रीहर्षाने उदयनाच्याच श्लोकातली थोडी अक्षरं इकडची तिकडे करून तो त्याच्यावर उलटवला, आणि चौदाव्या शतकात गंगेशाने ‘तत्त्वचिंतामणी’त पुन्हा उदयनाची बाजू सावरली. चार शतकं चाललेल्या या कुस्तीत मला दोघांचंही थोडं पटतं. जगण्यापुरतं उदयनाचं खरं आहे: कृतीत जी शंका उतरत नाही तिच्यापायी कुणी उपाशी बसू नये. पण मी जेवतो यावरून माझी चालत आलेली सवय दिसते, निसर्गाचा नियम सिद्ध होत नाही, हे श्रीहर्षाला दिसलं होतं. बर्ट्रांड रसेलने सांगितलेल्या कोंबडीलाही रोज दाणे टाकणाऱ्या हाताबद्दल कृतीतून काडीचीही शंका नव्हती. त्याच हाताने एक दिवस तिची मान मुरगळली. तेव्हा वागताना बेधडक असावं आणि दावा करताना हात आखडता घ्यावा, एवढी तडजोड शक्य आहे. आपलं उलट होतं: वागताना कचरतो आणि चर्चेत मात्र छातीठोक बोलतो.

तत्त्वज्ञानात कधी काही निकाली निघत नाही, ही तक्रार यातूनच येते. रसेलने १९१२च्या आपल्या छोटेखानी पुस्तकात तिला उत्तर दिलं होतं. एखाद्या विषयाची निश्चित उत्तरं मिळू लागली की तो तत्त्वज्ञानातून फुटून स्वतंत्र शास्त्र होतो, खगोल आणि मानसशास्त्र असेच गेले, त्यामुळे मागे नेहमी न सुटलेलेच प्रश्न उरलेले दिसतात. उत्तर चतुर आहे, पण मला ते अर्धंच वाटतं. धंदा बुडाला तरी मुलं परदेशात स्थिरावली असं सांगण्यासारखं. न सुटलेल्या प्रश्नांतही हालचाल होते, आणि ती मुख्यतः वाटा बंद होण्याच्या रूपात होते. चार्वाक आणि ह्यूम यांच्यानंतर ‘आजवर असंच झालं, म्हणून पुढेही असंच होणार’ हे वाक्य स्वयंसिद्ध म्हणून कुणाला विकता येत नाही. कवड्यांच्या उदाहरणानंतर खरं निघालं म्हणजे ठाऊक होतं असं म्हणता येत नाही. अशी वाट बंद झाल्याचा उत्सव कुणी करत नाही, पण तिथून पुन्हा पुन्हा जाऊन आपटणाऱ्यांचा वेळ वाचतो.

तरीही एक शंका उरते आणि ती तत्त्वज्ञांना स्वतःला झोंबणारी आहे. दुसऱ्यांची गृहीतकं शोधणाऱ्यांना आपली दिसतात का? इतिहास पाहिला तर फारशी दिसत नाहीत. कांटने १७८१च्या ग्रंथात मानवी ज्ञानाच्या सीमा आखण्याचं काम जितक्या कसोशीने केलं तितकं क्वचितच कुणी केलं असेल. पण आपण ज्या अवकाशात वावरतो त्याची भूमिती युक्लिडचीच असणार यात त्याला संशय वाटला नाही. १८२९ मध्ये लोबाचेव्हस्कीने दुसरी भूमिती मांडली, आणि १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणासाठी युक्लिडबाहेरचीच भूमिती वापरली. ज्या भाषेत आणि परंपरेत आपण वाढतो तिच्या पोटातलं गृहीत आपल्याला एकट्याने सहसा सापडत नाही. त्याला उपाय एकच दिसतो, परक्या परंपरेच्या माणसाला समोर बसवणं. महाराष्ट्रात याची सोय लवकर झाली होती. खानदेशात अमळनेरला प्रतापशेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. तिथल्या जी. आर. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी १९३३ साली ‘अज्ञान’ याच विषयावर, एकमेकांशी मतभेद राखून, एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याच्या पुढचं पाऊल पडलं ते पुण्यात १९८३ साली. मे. पुं. रेगे, दया कृष्ण आदींच्या पुढाकाराने न्याय-मीमांसेतले संस्कृत पंडित आणि इंग्रजीतून तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक समोरासमोर बसले, आणि चर्चेला विषय ठेवला होता रसेलचा ‘प्रपोझिशन’विषयीचा सिद्धांत. पाश्चात्त्य तर्कशास्त्रात वाक्य वेगळं, ते उच्चारणाऱ्याचा विचार वेगळा, आणि या दोहोंहून निराळा, कुणाच्याही डोक्यात नसला तरी खरा किंवा खोटा असणारा असा एक आशय मानण्याची पद्धत आहे. प्राध्यापकांना ती पहिल्या वर्षापासून अंगवळणी पडलेली. न्यायाच्या पंडिताजवळ शब्द आहे, ज्ञान आहे आणि ज्ञानाचा विषय आहे. खरं-खोटं ठरतं ते कुणाला तरी झालेलं ज्ञान. या तिघांत सगळं भागत असताना चौथी वस्तू कशासाठी मानायची, हा प्रश्न न्यायाच्या चौकटीतून आपोआप उभा राहतो. आणि कुणालाही न झालेल्या ज्ञानाच्या खरेपणाचं काय, हा उलट प्रश्न न्यायालाही चुकवता येत नाही. त्या संवादाचा वृत्तान्त १९९१ मध्ये ‘संवाद’ नावाने ग्रंथरूपात आला. दोन्हींपैकी कोणती मांडणी टिकते याचा निवाडा अजून व्हायचा आहे.